शुक्रवारचा शेवटचा तास

मुलीची दुसरी संपली आणि तिची चित्रकलेची वही मी सहज चाळली. तीन पानं भरलेली होती. एक जास्वंद, एक झेंडा आणि दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी, शेजारून नदी. हे शेवटचं चित्र माझ्याही वहीत होतं, आणि माझ्या आईच्या पाटीवरही असणार. बाकी वही कोरी. प्रगतिपुस्तकात मात्र कला या विषयासमोर श्रेणी होती अ-१.

मी बाईंना विचारलं. तक्रार म्हणून नव्हे, खरंच कळेना म्हणून. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, आम्ही दोघं शिक्षक, वर्ग चार. शुक्रवारचा शेवटचा तास चित्रकलेचा लावलाय, पण त्या दिवशी कधी मीटिंग, कधी ऑनलाइन माहिती भरायची, नाहीतर गणित मागे राहिलेलं. मुलांना म्हणते, काढा काय काढायचं ते."

हा लेख त्या शुक्रवारच्या शेवटच्या तासाबद्दल आहे. तो कुठे जातो, तो परत मिळावा म्हणून पालक काय करू शकतात, आणि काय करू नये. आमची शाळा सांगली जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, मुलं पन्नासच्या थोडी वर. दोन वर्षं मी शाळा व्यवस्थापन समितीवर होते. त्यात जे शिकले ते सांगते. त्यातलं निम्मं चुकून शिकले.

आधी तो अ-१ कुठून आला ते बघू. आपल्याकडे २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झालं. त्यात भाषा, गणित वगैरे विषयांना दोन प्रकारचं मूल्यमापन आहे. एक वर्षभर चालणारं, त्याला आकारिक म्हणतात. दुसरं सत्राच्या शेवटी, ते संकलित. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या तीन विषयांना मात्र संकलित परीक्षाच नाही, सगळे गुण आकारिक. कल्पना चांगली होती. मुलाने गाणं म्हटलं, मातीचा बैल केला, नाटुकल्यात काम केलं, की शिक्षकांनी त्याची नोंद ठेवायची आणि त्यावरून श्रेणी द्यायची. सात वर्षांच्या पोराची चित्रकलेची लेखी परीक्षा घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पण ज्या विषयाची परीक्षा नाही त्याचा हिशोबही कोणी मागत नाही. अधिकारी शाळेत आले की वाचन घेतात, वजाबाकी घालतात. "तुमच्या दुसरीच्या मुलांना ताल धरता येतो का?" असं विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तास झाला काय, न झाला काय, श्रेणीचा रकाना भरावाच लागतो. मग तो भरला जातो. यात कोणाचा दुष्टपणा नाही. चार वर्ग दोन माणसांनी सांभाळायचे म्हटल्यावर जे कोणी विचारत नाही तेच आधी गळणार. आपणही पाहुणे यायचे असले की बाहेरची खोलीच झाडतो.

कला म्हणजे नुसती चित्रकला नव्हे, हेही इथेच सांगते. प्राथमिकच्या अभ्यासक्रमात कला या विषयाखाली चित्र, शिल्प, गायन, वादन, नृत्य आणि नाट्य असं सगळं येतं. एवढा मोठा विषय वेळापत्रकात चाळीस मिनिटांच्या एका चौकटीत बसतो आणि त्या चौकटीत 'चित्रकला' असं लिहिलेलं असतं.

बरेच पालक विचारतात, कला शिक्षक का देत नाहीत? याचं उत्तर कायद्यातच आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे, शाळेला किती शिक्षक हवेत, किती खोल्या हव्यात याचं. त्यात कला शिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. वाचून बरं वाटतं. पण बारकाईने वाचलं की दोन अटी दिसतात. हे निदेशक सहावी ते आठवीसाठीच, आणि तेही त्या वर्गांची पटसंख्या शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीसाठी वेगळ्या कला शिक्षकाची तरतूदच नाही. तिथे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. ते दोघेच गणिताचे, भाषेचे, परिसराचे आणि कलेचेही.

म्हणजे खेड्यातल्या छोट्या शाळेला कला शिक्षक मिळत नाही तो कोणी अडवून ठेवला म्हणून नव्हे, आकडाच बसत नाही म्हणून. हे कळायच्या आधी आम्ही गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे 'कला शिक्षक द्या' असा अर्ज घेऊन गेलो होतो. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला आणि हेच परिशिष्ट दाखवलं. परत येताना गाडीत कोणी बोललं नाही.

हायस्कूलची गोष्ट निराळी. तिथे ए.टी.डी., म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, झालेले चित्रकला शिक्षक असतात, निदान असायचे. निवृत्त झालेल्या सरांच्या जागी नवे सर येतातच असं नाही, हे आता बहुतेक गावांना ठाऊक आहे. तरी हायस्कूलमध्ये एक आधार आहे, तो म्हणजे कला संचालनालयाच्या एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, भूमिती. महाराष्ट्रातल्या किती पिढ्या या पेपरांना बसल्या असतील! इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला सात वाढीव गुण मिळतात, बी ला पाच, सी ला तीन. शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या परीक्षा दिलेल्यांना आणि लोककलावाल्यांनाही वाढीव गुणांची सोय आहे. त्यामुळे आठवी-नववीत अचानक सगळ्यांना चित्रकलेची ओढ लागते. मी नाक मुरडायचे. आता मुरडत नाही. सात गुणांच्या आशेने का होईना, एक पोरगा तांब्या समोर ठेवून दोन तास त्याच्याकडे बघत बसतो. एरवी कधी बघितला असता त्याने तांब्या?

समिती म्हणजे सही करायची जागा नव्हे

पालकांच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत ती असावीच लागते. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांमधून निवडतात आणि मुख्याध्यापक सचिव असतात. अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत तिचं काम सल्ला देण्यापुरतं आहे, पण जिल्हा परिषद, नगरपालिकेच्या शाळांत तिला खरं काम आहे: शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणं, अनुदान कुठे खर्च झालं ते बघणं आणि शाळा विकास आराखडा तयार करणं.

प्रत्यक्षात काय होतं? मुलाच्या हातून घरी रजिस्टर येतं, "आई, सरांनी सही मागितलीय." आपण पीठ मळता मळता हात पुसून सही करतो. मीही पहिले चार महिने हेच केलं. एकदा सही करताना वरचा मजकूर वाचला, तर मी ज्या सभेला 'उपस्थित' होते ती सभा झालीच नव्हती.

त्यानंतर सभा घ्यायची म्हणून आम्ही अडून बसलो. भांडण झालं नाही. मुख्याध्यापक सरांनाही बरंच वाटलं असावं, कारण एकट्याने सगळं ओढून ते दमले होते.

पैशांचं गणित इथे सांगते, कारण त्याशिवाय मागणी करणं म्हणजे हवेत काठी फिरवणं. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं, पटसंख्येप्रमाणे. तीस मुलांपर्यंत वर्षाला १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे एक लाख. आमच्या वाट्याला २५ हजार. त्यातले दहा टक्के स्वच्छतेला राखायचे. उरले साडेबावीस. त्यात वीजबिल, खडू, कागद, नळाची तोटी, पत्र्याची गळती. हा कागद समोर ठेवून बसल्यावर 'शाळेने रंगपेट्या द्याव्यात' असं म्हणायची जीभ रेटत नाही. पण 'या वर्षी तैलखडू आणि ड्रॉइंग कागद यासाठी दोन हजार धरू' असं म्हणता येतं, आणि ते आराखड्यात लिहिता येतं. वेळ मात्र साधावी लागते. आराखडा आर्थिक वर्षाच्या हिशोबाने चालतो. मार्चमध्ये जाग आली तर पुढच्या मार्चपर्यंत थांबा. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या सभेत विषय काढायचा.

ठराव कसा लिहायचा हे सगळ्यात महत्त्वाचं. आमचा पहिला ठराव असा होता: 'शाळेत कला विषयाला योग्य महत्त्व देण्यात यावे.' सर्वानुमते मंजूर. कोण नाही म्हणणार? आणि त्याने काय बदललं? काहीही नाही. नंतर आम्ही लिहिलं: 'तिसरी-चौथीचा कलेचा तास मंगळवारी दुपारच्या सुट्टीनंतर ठेवावा. तो अन्य कामासाठी घेतल्यास त्याच आठवड्यात भरून काढावा. महिन्याच्या सभेत झालेल्या तासांची संख्या सांगावी.' हा ठराव मोजता येतो. पुढच्या सभेत सरांनी सांगितलं, चारपैकी तीन झाले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण सगळ्यांना कळलं की आता हे मोजलं जातंय. शुक्रवारचा मंगळवार झाला एवढ्यानेच निम्मं काम झालं. शेवटचा तास हा मुळात विषयच नसतो, तो घरी जायची तयारी असतो.

खासगी विनाअनुदानित शाळांना कलम २१ लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो. फी नियमनाच्या २०११ च्या कायद्यामुळे त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडावी लागते आणि शाळेने सुचवलेली फी त्या समितीपुढे येते. तिथे प्रश्न एकच विचारायचा: ज्या उपक्रमांसाठी पैसे घेता त्यात कलेला आठवड्याला किती तास आणि शिकवणारं कोण? स्नेहसंमेलनासाठी बाहेरून कोरिओग्राफर आणून तीन आठवडे बसवलेला नाच म्हणजे कला शिक्षण नव्हे. सीबीएसईने तर २०१९ मध्येच आठवड्याला किमान दोन तासिका कलेसाठी ठेवायला सांगितल्या आहेत. आपल्या शाळेच्या वेळापत्रकात त्या सापडतात का बघा.

आपण स्वतः शिकवायला गेलो तर

ठराव झाला, तास मंगळवारी आला, पण शिकवणार कोण? बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "मला चित्र येत नाही आणि गाणं तर त्याहून नाही." मग पालकांना विचारलं. पहिल्या सभेत अकरा जणांनी हात वर केले. दिवाळीपर्यंत उरले तिघं.

चूक आमचीच. आमच्याकडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की माणूस बागेतून हलत नाही. छाटणी, पेस्ट, मग विरळणी, डिपिंग. त्या दिवसांत 'मंगळवारी दोन वाजता या' म्हणणं म्हणजे त्या माणसाला खोटं पाडणं. पुढच्या वर्षी आम्ही पालकांचे तास जून ते सप्टेंबर एवढेच ठेवले, आणि प्रत्येकाला चारच मंगळवार. चार मंगळवार कोणालाही जमतात. ऊसपट्ट्यात, भातपट्ट्यात किंवा शहरातल्या शिफ्टमध्ये हे गणित वेगळं असेल, पण ते आधी मांडायला हवं.

काय शिकवायचं याचीही आम्हाला उगाच भीती होती. वाटायचं, आपल्याला कुठे कला येते! मग लक्षात आलं की गावात भजनी मंडळ आहे, पखवाज आहे, पेटी आहे. लेझीम ठाऊक असलेली चार माणसं आहेत. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, मातीचे बैल करणारी माणसं आहेत. कोकणात असतो तर दशावतारी असते, कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी आहे, डहाणूकडे घरोघर वारली चित्रं काढणारे हात आहेत. हे सगळं अभ्यासक्रमात बसतं, कोणी बाहेरून आणायला नको.

एक तास मला नीट आठवतो. एका ताईंनी मुलांना अंगणात नेलं आणि गेरूने सारवलेल्या फरशीवर नऊ ते एक ठिपक्यांची रांगोळी घातली. मधली ओळ नऊ ठिपक्यांची, मग वर आणि खाली आठ, सात, सहा, अशी एकावर येईपर्यंत, प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. पहिल्यांदा मुलांच्या ओळी वाकड्या गेल्या आणि कडेला दोन ठिपके जास्त झाले. ताई काही बोलल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, "जोडा बघू आता." जोडताना डावीकडचं कमळ मिटलंच नाही. मग सगळी गर्दी ठिपके मोजायला वाकली. एक मुलगा म्हणाला, "ताई, मधल्या ओळीतच घोळ आहे, वरचं सगळं बरोबर आलंय." पुसलं, पुन्हा घातलं. तेवढ्यात घंटा झाली. कोणी उठलं नाही. बाई दारात उभ्या होत्या, त्याही उठवायला गेल्या नाहीत.

कोणी म्हणेल, हे तर गणितच झालं. म्हणू दे. शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या मागे लागलेल्या पालकांना मी कधी कधी हेच सांगते. नवोदयच्या परीक्षेत शंभरपैकी पन्नास गुण मानसिक क्षमता चाचणीला असतात, आणि ती सगळी आकृत्यांची: नक्षी पूर्ण करा, आरशातली प्रतिमा ओळखा, वेगळी आकृती शोधा. रेघ आणि आकार रोज बघणाऱ्या मुलाला ते परकं वाटत नाही. पण हा युक्तिवाद मी नाइलाज असेल तरच वापरते. कलेने नेहमी गणिताची दासी बनून दारात उभं राहायचं, हे मला पटत नाही. 'चित्रं काढून पोट भरणार आहे का?' असं विचारणाऱ्याला मी उलट विचारते, पाढे म्हणून तुमचं भरलं का?

आता काही कडक गोष्टी, यांत तडजोड नको. वर्गात पालक असला तरी शिक्षक तिथे हवेतच. मुलांची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावर असते, आपण फक्त मदतनीस. कोणत्याही पालकाने एका मुलाला वेगळ्या खोलीत नेऊन शिकवायचं नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, बाहेरून कोण येणार आहे हे तिला आणि मुख्याध्यापकांना आधी लेखी माहीत हवं. मुलांचे फोटो काढून स्टेटसला टाकायचे नाहीत. साहित्यासाठी मुलांकडून पैसे मागायचे नाहीत. भेंडीचे ठसे, कोळसा, हळद, कुंभाराकडची माती यात वर्षाचं निम्मं काम भागतं. आणि आपल्याच पोराला पुढे बसवायचं नाही. हा नियम मी स्वतः दोनदा मोडला.

गावात माणूस मिळत नसेल तर केंद्र सरकारची विद्यांजली नावाची व्यवस्था आहे, २०२१ मध्ये ती नव्याने सुरू झाली. शाळा आपली गरज पोर्टलवर टाकते आणि स्वयंसेवक नाव नोंदवतात. शहराजवळच्या शाळांना याचा उपयोग जास्त. आमच्याकडे बसच दिवसातून तीनदा येते.

जी गोष्ट आम्हाला सगळ्यात उशिरा कळली ती आता सांगते. पालक तास घेऊ लागले, मुलं खूश, मंगळवार रंगू लागला. आजूबाजूच्या शाळांच्या गटावर, म्हणजे केंद्रावर, देखरेख करणारे केंद्रप्रमुख आले, बघून गेले, "आदर्श उपक्रम" म्हणाले. आम्हीही फुगलो. पण हळूहळू जाणवलं की आता कोणीच काही मागत नाहीये. बाईंना कला शिकवण्याचं प्रशिक्षण मिळावं, आजूबाजूच्या पाच-सहा शाळांत मिळून एक कला शिक्षक फिरता द्यावा, या मागण्या आमच्या तोंडून गेल्याच. फुकट मिळतंय म्हटल्यावर पैसे कोण देणार? आमची छाटणी आली की तास पुन्हा रिकामा, आणि या वेळी रिकामा राहिला तो आमच्यामुळे.

म्हणून आता आम्ही दोन्ही गोष्टी जोडूनच करतो. प्रत्येक पालक-तासाची नोंद रजिस्टरात होते: तारीख, काय शिकवलं, किती मुलं, आणि 'हा तास पालकाने घेतला' हे स्पष्ट शब्दांत. वर्षाअखेरी त्याची बेरीज करून ती एका पत्रासोबत गटशिक्षण कार्यालयात जाते: एवढे तास पालकांनी भरले, एवढे रिकामे गेले, केंद्रातल्या शाळांसाठी मिळून व्यवस्था करावी. शेजारच्या चार शाळांच्या समित्यांनाही तसंच पत्र द्यायला सांगितलं. एका छोट्या शाळेचा आकडा कुठेच बसत नाही, पाच शाळांचा मिळून बोलायला तरी बसतो. पत्राची पोच शिक्क्यासह घ्यायची आणि ती इतिवृत्तात चिकटवायची. दुसरी प्रत ग्रामसभेत वाचायची, कारण ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात शाळेसाठी काही धरायचं तर मागणी तिथूनच जावी लागते. आमच्या ग्रामपंचायतीने यंदा एक पखवाज आणि दहा लेझीम एवढं मान्य केलंय. शिक्षक अजून मिळालेला नाही.

आणि बाई शिकल्या. रांगोळीच्या तासाला दारात उभ्या राहणाऱ्या बाई दुसऱ्या वर्षी मातीच्या तासाला पदर खोचून बसल्या. ऑक्टोबरात आम्ही सगळे बागेत अडकलो तरी त्या महिन्यातले दोन मंगळवार त्यांनी एकटीने घेतले. त्यांनी नोंदीत लिहिलं होतं, "भेंडीचे व बटाट्याचे ठसे. उपस्थिती २३. रंग कमी पडला, हळद वापरली."

माझी मुलगी आता पाचवीत, दुसऱ्या शाळेत. समितीची माझी मुदत संपली. तिच्या नव्या शाळेचं वेळापत्रक मी पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर टिपून आणलं. चित्रकला: शनिवार, शेवटचा तास. पालक सभा पुढच्या बुधवारी आहे.